जमिनीची नाडी पाहणारा इंजिनिअर

मुलांनो, उन्हाळा आला की घरात नवे मडके येते. अम्मीबरोबर किंवा दादीबरोबर तुम्ही कधी कुंभाराकडे गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. दादी मडके हातात घेते आणि त्यावर बोटाने टिचकी मारते. आवाज खणखणीत आला, तर मडके पक्के. आवाज बद्द आला, तर कुठेतरी चीर आहे. ती चीर डोळ्यांना दिसत नाही. पण कानांना कळते.

पायाखालच्या जमिनीलाही अशीच टिचकी मारता आली तर? वर माती किती आहे, मुरूम किती आहे, खडक किती खोल आहे, हे जमीन न खणता कळले तर? विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला ते हवे असते. पूल आणि धरण बांधणाऱ्या इंजिनिअरलाही ते हवे असते. आज हे काम रोज कुठे ना कुठे चालते. पण जमिनीला मुद्दाम धक्का देऊन त्या धक्क्याचा वेग मोजण्याचे काम ज्यांनी प्रथम केले, त्यांचे नाव होते रॉबर्ट मॅलेट. त्यांचीच ही गोष्ट.

रॉबर्ट मॅलेट यांचा जन्म ३ जून १८१० रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरात झाला. वडील जॉन मॅलेट यांचा लोखंड ओतण्याचा कारखाना होता. भट्टी, तापलेले लोखंड, साचे आणि हातोडे यांच्यातच रॉबर्ट लहानाचे मोठे झाले. १८२६ साली ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. १८३० साली पदवी मिळवून ते वडिलांच्या कारखान्यात काम पाहू लागले.

थोड्याच वर्षांत तो कारखाना आयर्लंडमध्ये नावाजला. रेल्वेचे पूल, स्टेशनांची छपरे, लोखंडी कठडे अशी कितीतरी कामे त्यांनी केली. डब्लिनमधील एका चर्चचे १३३ टन वजनाचे छप्पर त्यांनी उचलून दाखवले. समुद्रातील फास्टनेट खडकावर उभारलेल्या दीपगृहाच्या कामातही त्यांचा वाटा होता.

आता तुम्ही म्हणाल, लोखंडाच्या या कारखानदाराचा आणि भूकंपाचा काय संबंध? संबंध जुळला तो एका चित्रामुळे.

इटलीच्या दक्षिणेकडील कॅलाब्रिया प्रांतात १७८३ साली मोठा भूकंप झाला होता. भूकंप म्हणजे ज्याला तुम्ही घरी जलजला म्हणता तोच. भूगर्भशास्त्राच्या एका पुस्तकात त्या भूकंपाचे एक चित्र होते. चित्रात दगडी चिऱ्यांचे दोन स्तंभ होते. ते पडले नव्हते. पण त्यांचे वरचे चिरे जागच्या जागी गोल फिरले होते. लोकांचा समज असा होता, की जमीनच भोवऱ्यासारखी फिरली असावी. मॅलेट यांना हे पटेना. ते इंजिनिअर होते. धक्का बसला म्हणजे वजनदार वस्तू कशी हलते, हे ते रोज पाहत होते. त्यांनी हिशेब मांडला. चिरा खालच्या चिऱ्याला जिथे घट्ट चिकटलेला असतो, ती जागा बरोबर मधोमध नसेल, तर सरळ धक्क्यानेही तो गोल फिरेल. भूकंपात जमीन भोवऱ्यासारखी फिरते, असे मानण्याची गरजच नव्हती.

मग प्रश्न आला, हा सरळ धक्का येतो कसा? १८४६ साली मॅलेट यांनी आयर्लंडच्या विद्वानांच्या सभेत एक निबंध वाचला. भूकंप म्हणजे जमिनीतून धावत जाणारी लहर आहे, असे त्यांनी त्यात मांडले.

ही लहर समजून घ्यायची असेल, तर शाळेतली रांग आठवा. रांगेत मुले एकमेकांना चिकटून उभी आहेत. शेवटच्या मुलाने पुढच्याला हलकेच ढकलले, की धक्का रांगेतून पुढे पुढे जातो आणि पहिल्या मुलापर्यंत पोहोचतो. मुले मात्र आपापल्या जागीच राहतात. प्रवास करतो तो धक्का. खडकाचे कणही असेच जरासे दबतात आणि पुन्हा जागेवर येतात. लहर मात्र मैलोन्‌मैल जाते.

कल्पना चांगली होती. पण मॅलेट यांना नुसती कल्पना पुरेशी वाटत नव्हती. लहर आहे, तर तिला वेग असणार. वेग असेल, तर तो मोजता आला पाहिजे. पण मोजणार कसा? भूकंप काही वेळ सांगून येत नाही. त्यावर मॅलेट यांनी साधा उपाय काढला. भूकंपाची वाट कशाला पाहायची? आपणच छोटासा भूकंप करावा!

१८४९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात डब्लिनजवळच्या किलायनी येथील समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी हा प्रयोग केला. मदतीला त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा जॉन होता. वाळूत २५ पौंड बंदुकीची दारू पुरली. तेथून सुमारे अर्धा मैल दूर मॅलेट यांनी आपले उपकरण मांडले. एका भांड्यात पारा होता. बारीक तारांची एक फुली होती. तिचे प्रतिबिंब पाऱ्याच्या पृष्ठभागावर पडेल आणि ते सूक्ष्मदर्शकातून अकरा पट मोठे दिसेल, अशी योजना होती. पारा अगदी थोडासा थरथरला, तरी फुली पुसट होणार होती.

विजेची कळ दाबली, की दारूचा स्फोट होई आणि त्याच क्षणी वेळ मोजणे सुरू होई. फुली पुसट झालेली दिसली, की वेळ मोजणे थांबवायचे. अंतर माहीत, वेळ माहीत. म्हणजे वेग काढणे हे तुमच्या गणिताच्या पुस्तकातले सोपे उदाहरणच झाले.

वाळूत वेग आला सेकंदाला सुमारे ८२५ फूट. मग जवळच्या डॉकी येथील ग्रॅनाइट खडकात हाच प्रयोग केला. जेथे खडकाला भेगा होत्या, तेथे वेग सुमारे १,३०६ फूट आला. जेथे खडक जास्त अखंड होता, तेथे तो सुमारे १,६६५ फूट आला.

हे तीन आकडे पुन्हा एकदा पाहा. वाळूत वेग सर्वांत कमी, भेगाळलेल्या खडकात त्याहून जास्त, अखंड खडकात सर्वांत जास्त. मडक्याची गोष्ट आठवली का? दादीची टिचकी चीर ओळखते. मॅलेट यांच्या स्फोटाने खडकातल्या भेगा ओळखल्या. जमिनीखाली काय आहे, हे लहरीचा वेग सांगतो. पुढे एक मोठे शास्त्र उभे राहिले, त्याचे बीज या तीन आकड्यांत होते.

पण मॅलेट खूश नव्हते. ग्रॅनाइट किती कठीण असतो, हे त्यांना ठाऊक होते. हिशेबाप्रमाणे वेग याच्या कितीतरी पट यायला हवा होता. आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. न पटणारे आकडे झाकून ठेवावेत, किंवा जसे आले तसे जगापुढे ठेवावेत. मॅलेट यांनी दुसरी वाट धरली. उपकरण कसे होते, दारू किती होती, अंतर किती होते, आकडे काय आले, हे सारे त्यांनी छापून प्रसिद्ध केले. पुढे वेल्समधील होलीहेड येथे बंदरासाठी दगड फोडण्याचे मोठे सुरुंग उडवले जात होते. तेथेही त्यांनी मोजमापे घेतली. सुरुंग जितका मोठा, तितका वेग जास्त येतो, असे त्यांना दिसले. यामागे एक कोडे दडले होते. ते सुटायला मात्र अजून वेळ होता.

मॅलेट यांचे दुसरे मोठे काम बैठकीचे होते. इ.स.पूर्व १६०६ पासूनच्या भूकंपांच्या नोंदी त्यांनी मुलाच्या मदतीने जुन्या ग्रंथांतून गोळा केल्या. पावणेसात हजारांहून अधिक भूकंपांची यादी तयार झाली. मग ते भूकंप त्यांनी जगाच्या नकाशावर रंगवले. नकाशा पुरा झाला, तेव्हा एक नवल दिसले. भूकंप सगळीकडे सारखे नव्हते. ठरावीक पट्ट्यांत ते दाटीने होत होते. असे का होते, याचा उलगडा सुमारे शंभर वर्षांनी झाला.

१६ डिसेंबर १८५७ च्या रात्री इटलीतील नेपल्सच्या राज्यात भीषण भूकंप झाला. डोंगरांवरची गावेच्या गावे कोसळली. दहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली. बातमी कळताच मॅलेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे मदत मागितली. १५० पौंड मंजूर झाले आणि ते इटलीला निघाले.

हिवाळ्याचे दिवस होते. रस्ते डोंगराळ होते. ढिगाऱ्यांतून माणसे अजून सावरली नव्हती. मॅलेट गावोगाव फिरले. त्यांनी पडक्या भिंतींच्या भेगा मोजल्या. कोणती भिंत कोणत्या दिशेला पडली, कोणता दगड किती दूर फेकला गेला, याची टिपणे घेतली. छायाचित्रणाची कला तेव्हा नवीन होती. तिचाही त्यांनी उपयोग केला. भिंतीला पडलेली भेग लहर कोणत्या बाजूने आली ते सांगते, असा त्यांचा विचार होता. गावोगावच्या दिशा त्यांनी नकाशावर रेघांनी दाखवल्या. त्यांतल्या पुष्कळ रेघा एका लहानशा भागात येऊन मिळाल्या. तेथेच, जमिनीखाली सुमारे दहा किलोमीटरांवर भूकंपाचे मूळ असावे, असा हिशेब त्यांनी मांडला.

या प्रवासात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. गोलसर दगड नुसत्या कच्च्या चुन्यामातीत रचून बांधलेली, जड छपरांची घरे सर्वांत आधी कोसळली होती. नीट बांधलेली घरे पुष्कळ ठिकाणी टिकून होती. माणसांचा जीव नुसत्या भूकंपाने जात नाही. कच्च्या बांधकामानेही जातो. मॅलेट यांचा हा प्रवास १८६२ साली दोन खंडांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाला. भूकंपाच्या शास्त्राला सिस्मॉलॉजी हे नावही त्यांनीच दिले. 'सिस्मॉस' या ग्रीक शब्दाचा अर्थ हादरा असा आहे.

मॅलेट यांना मानसन्मान मिळाले. १८५४ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८७७ साली भूगर्भशास्त्रातील मानाचे वोलास्टन पदक त्यांना मिळाले. पण अखेरची वर्षे अवघड गेली. ते लंडनला राहायला आले होते. त्यांची दृष्टी अधू होत गेली आणि शेवटची सुमारे सात वर्षे त्यांना दिसत नव्हते.

याच काळात ते जुने कोडे पुन्हा पुढे आले. १८७६ साली न्यूयॉर्कजवळ नदीतला खडक काढण्यासाठी एक प्रचंड स्फोट केला गेला. हेन्री अ‍ॅबट या अमेरिकन लष्करी इंजिनिअरने त्या वेळी लहरीचा वेग मोजला. तो मॅलेट यांच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आला. अ‍ॅबट यांनी कारणही दाखवले. लहरीचा पहिला भाग सर्वांत वेगवान असतो. पण तो फार सौम्य असतो. दूर पोहोचेपर्यंत तो इतका मंद होतो, की साध्या भिंगातून पाऱ्याची थरथर दिसतच नाही. भिंग जास्त मोठे करून दाखवणारे असेल, तर ती आधी दिसते आणि वेग जास्त येतो. मोठ्या सुरुंगाने वेग का वाढत होता, तेही यावरून कळले. धक्का मोठा असला, की पहिली थरथरही दिसण्याजोगी होत असे.

मॅलेट यांनी हे मान्य केले नाही. त्यांनी वाद घातला. आज आपल्याला माहीत आहे, की अ‍ॅबट यांचे म्हणणे बरोबर होते. अखंड ग्रॅनाइटमध्ये लहर सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने धावते. मॅलेट यांचा आकडा होता सुमारे ५०७ मीटर. म्हणजे त्यांच्या डोळ्यांनी टिपली ती पहिली लहर नव्हती. तिच्या मागून आलेली संथ आणि मोठी लहर होती.

मुलांनो, थोर माणसेही चुकतात. पण मॅलेट यांची चूक सापडली ती कशामुळे? त्यांनी भिंग कितीपट होते ते लिहून ठेवले होते, दारू किती होती ते लिहून ठेवले होते, न पटणारे आकडेही लपवले नव्हते, म्हणून. त्यांनी सारे उघडपणे लिहिले नसते, तर दुसऱ्याला चूक शोधायला जागाच मिळाली नसती. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी लंडनमध्ये मॅलेट यांचे निधन झाले.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. जॉन मिल्न यांनी जपानमध्ये सुमारे एक टनाचा लोखंडी गोळा उंचावरून टाकून जमिनीच्या लहरी मोजल्या. जर्मनीच्या लुडगर मिंट्रॉप यांनी शेतात नेता येईल असे उपकरण बनवले आणि १९१९ साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे तिच्या साहाय्याने अमेरिकेत जमिनीखालचे मिठाचे घुमट आणि त्यांच्याजवळचे खनिज तेल सापडले.

आज तर हे काम दोन-तीन माणसे करू शकतात. सारे सामान एका जीपमध्ये मावते. जमिनीवर लांब केबल पसरतात. तिला दर काही मीटरवर एक याप्रमाणे बारा किंवा चोवीस जिओफोन जोडतात. जिओफोन म्हणजे जमिनीचा कान. त्यात लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते. जमीन थरथरली, की त्यातून वीज निर्माण होते आणि यंत्रात नोंद होते. मग पोलादाची जाड पट्टी जमिनीवर ठेवून तिच्यावर घणाचा घाव घालतात. बंदुकीची दारू नको, पारा नको. एकाच ठिकाणी अनेक घाव घालून त्यांच्या नोंदींची बेरीज करतात. वाऱ्याचा आणि मोटारींचा गोंगाट त्यामुळे दबतो आणि खरी लहर स्पष्ट होते.

खडकाची खोली कशी कळते? एक उदाहरण घ्या. तुमच्या गावाहून दुसऱ्या गावी जायचे आहे. गाव जवळ असेल, तर शेतातून पायी गेलेला माणूस आधी पोहोचतो. गाव लांब असेल, तर हमरस्त्यापर्यंत चालत जाऊन एस.टी. पकडणारा आधी पोहोचतो. लहरीचेही तसेच आहे. एक लहर वरच्या मातीतून हळू येते. दुसरी खाली खडकापर्यंत जाते, खडकातून वेगाने धावते आणि पुन्हा वर येते. जवळच्या जिओफोनकडे मातीतली लहर आधी येते, लांबच्या जिओफोनकडे खडकातली. ही बाजी ज्या अंतरावर पालटते, त्यावरून खडकाची खोली काढता येते. समजा, मातीत वेग ५०० मीटर आणि खडकात ४,५०० मीटर आहे. बाजी जर सुमारे २२ मीटरवर पालटली, तर खडक सुमारे १० मीटर खोल असतो. मात्र कठीण थराच्या खाली मऊ थर लपला असेल, तर ही पद्धत फसते. म्हणून एखाद्या ठिकाणी बोअर घेऊन खात्री करून घेतात.

मॅलेट यांचे आपल्या देशाशीही एक नाते आहे. त्यांचे दुसरे पुत्र फ्रेडरिक मॅलेट यांनी भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात काम केले. अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटाच्या ज्वालामुखीचा त्यांनी अभ्यास केला.

आणि महाराष्ट्राला तर मॅलेट यांचा धडा फार जवळचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे झोपेत असताना कोसळली. हजारो माणसे दगावली. दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. मॅलेट यांनी इटलीच्या डोंगरात जे पाहिले, तेच १३५ वर्षांनी आपल्याकडे दिसले.

म्हणून मुलांनो, पुढे कधी रस्त्याच्या कडेला कोणी घणाने जमिनीवरच्या पट्टीवर घाव घालताना दिसले, तर हसू नका. जरा थांबून पाहा. ते लोक जमिनीला टिचकी मारून विचारत असतात, की बाई, तुझ्यावर घर बांधू का? पूल बांधू का? उत्तर ऐकून मग बांधलेले घर माणसाचा जीव वाचवते.

शब्दार्थ

बद्द – न घुमणारा, दबका (आवाज)
मुरूम – खडक झिजून बनलेला भुसभुशीत थर
चिरा – घडवलेला दगड
अखंड – न तुटलेला, सलग
सुरुंग – खडक फोडण्यासाठी भरलेली दारू
माळवद – मातीचे सपाट छप्पर
बाजी पालटणे – मागे असलेला पुढे जाणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय

१. मॅलेट यांनी वाळूत आणि खडकात केलेल्या प्रयोगाची माहिती पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. मॅलेट यांचे आकडे कमी का आले? अ‍ॅबट यांनी कोणते कारण दाखवले?
३. न पटणारे आकडेही मॅलेट यांनी प्रसिद्ध केले. त्याचा पुढे काय उपयोग झाला?
४. तुमच्या घराच्या भिंती आणि छप्पर कशाचे आहे, ते पाहा आणि वर्गात सांगा.